शिबिर नको, दूध संस्थेत या : हृदयारोग्य संस्थेच्या विभागीय सल्लागार मंडळास खुले पत्र

प्रति,
सर्व सन्माननीय सदस्य,
विभागीय सल्लागार मंडळ,
कोल्हापूर

स.न.वि.वि.

पुढच्या वर्षाचा कार्यक्रम ठरवायला तुमचं मंडळ लवकरच बसणार असल्याचं पेपरात वाचलं. मंडळावर हृदयरोगतज्ज्ञ आहेत, उद्योजक आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, वकील आहेत. पैसा कुठं घालायचा हे वरचं कार्यालय ठरवतं आणि तुम्ही फक्त सल्ला देता, हे मला ठाऊक आहे. तरीही पत्र तुम्हालाच लिहितोय. वरच्यांना आमची गावं माहीत नाहीत. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं मूळ गाव मात्र करवीर, पन्हाळा, कागल नाहीतर राधानगरी तालुक्यात असणार, आणि घरात कुणी ना कुणी संस्थेला दूध घातलेलं असणार.

मी गगनबावडा तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचा सचिव आहे. गेली १९ वर्षं सकाळ-संध्याकाळ संकलनाला बसतो. आमच्या जिल्ह्यात देवळात रोज न जाणारा माणूस सापडेल, पण ज्याच्या दारात म्हैस आहे त्या घरातलं कुणीतरी दिवसातून दोनदा संस्थेत येतंच. पाऊस असो, मयत असो, निवडणूक असो, दूध थांबत नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधी सांगितली.

आता जे घडलं ते सांगतो.

माझ्या थोरल्या भावाची बायको, आमच्या वहिनी, तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या. दोन म्हशी, एक रेडी, वीस गुंठे ऊस, शिवाय दुसऱ्याच्या भांगलणीला जाणं. अंगानं सडपातळ. हार्टचा त्रास म्हणजे बसून खाणाऱ्या जाड माणसाचा रोग, असं आमच्या गावात सगळेच धरून चालतात. मीही त्यातलाच होतो. एका रात्री पावणेदोनच्या सुमाराला त्यांना दरदरून घाम सुटला, जबडा आणि डावा खांदा ठणकायला लागला, मळमळायला लागलं. छातीत कळ अशी नव्हतीच. भावानं जिरं-ओवा दिला, पाठ चोळली. मी उठून गेलो आणि गाडी सांगू का म्हणून विचारलं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, उगं गाडी-बिडी नको. पित्त खवळलंय. सकाळच्या धारा कोण काढणार?"

साडेचारला त्यांनी उठून दोन्ही म्हशींच्या धारा काढल्या. सव्वासहाला कॅन घेऊन त्या संस्थेत आल्या. माझ्यासमोर कॅन ठेवला, दूध मापून झालं, मी फॅट लावलं. मग त्या भिंतीला टेकून खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. त्या सकाळचं त्यांच्या म्हशीचं फॅट माझ्या नोंदीत आजही आहे : ७.४. त्यांचं बीपी कुठल्याच नोंदीत नव्हतं.

वडापवाल्याला, म्हणजे प्रवासी जीपवाल्याला, उठवून गाडी काढली. १०८ ला फोन करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ही गाडी राज्यात २०१४ पासून आहे, फुकट आहे, तिच्यात डॉक्टर असतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण ती अपघाताची गाडी, असंच डोक्यात बसलंय. वाटेत एका दवाखान्यात थांबलो. तिथं पित्ताचं इंजेक्शन देऊन तासभर झोपवलं. ईसीजी काढला नाही. पुन्हा ठणका सुरू झाल्यावर तिथून निघालो. कोल्हापुरात पोहोचेपर्यंत सव्वाअकरा वाजले होते. दुखणं सुरू होऊन साडेनऊ तास झाले होते.

अँजिओप्लास्टी झाली, जनआरोग्य योजनेत बसली, वहिनी वाचल्या. पण तेवढ्या वेळात हृदयाचा बराच स्नायू मेला होता. पंपिंग ३० टक्के आहे म्हणून सांगितलं. आज त्यांना भरलेला कॅन उचलता येत नाही. चढाला दोनदा थांबावं लागतं. गाठोडंभर गोळ्या आहेत आणि त्या आयुष्यभर आहेत.

हे पत्र ज्या गोष्टीमुळं लिहितोय ती त्या दिवशी दुपारी घडली. योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार पाहिजे होतं. भावानं घरून कागदांची पिशवी मागवली. आधारची झेरॉक्स वहिनी दुधाच्या पासबुकाच्या प्लॅस्टिक कव्हरात ठेवायच्या, म्हणून मी ते कव्हर उघडलं. झेरॉक्सच्या मागं चार घड्या घातलेली एक पिवळी चिठ्ठी निघाली. गावात झालेल्या मोफत हृदयरोग तपासणी शिबिराची ती चिठ्ठी, १४ महिन्यांपूर्वीची. बीपी १७२/१०६. त्याभोवती लाल पेनानं गोल. खाली शिक्का : "डॉक्टरांचा सल्ला घ्यावा."

१४ महिने ती चिठ्ठी त्या पासबुकात होती. पासबुक दर दहा दिवसांनी बिलाला माझ्या टेबलावर येत होतं. पशुखाद्याच्या पोत्यांची नोंद मी त्यात माझ्या हातानं करत होतो.

त्या शिबिराचं नाव मी घेणार नाही. बीपी बरोबर मापलं होतं, लाल गोलही बरोबर केला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, किती जणांची तपासणी केली तो आकडा आला, आणि मंडळी परत आमच्या गावात आली नाहीत. आता डॉक्टरच सांगतात की रक्तदाब ही एकदा मापून निकाल लावायची गोष्ट नव्हे. एका दिवशी वर दिसला तर पुन्हा दोन-तीनदा मापून बघायचा, तरीही १४०/९० च्या वर राहिला तर उपचार सुरू करायचे, आणि मग तो खाली आला का, खालीच राहिला का, हे महिन्याच्या महिन्याला बघत राहायचं. वर्षातून एकदा येणाऱ्या शिबिराला यातलं पहिलं पाऊल तेवढं टाकता येतं. पुढची सगळी वाट माणसानं एकट्यानं चालायची, तीही काही दुखत-खुपत नसताना. बीपी दुखत नाही, हीच तर त्याची अडचण.

म्हणून तुमच्याकडं मुख्य मागणं हे आहे. शिबिरांचा पैसा आणि मनुष्यबळ दूध संस्थांकडं वळवा. जिथं माणसं रोज आपल्या पायांनी येतात, तिथं बीपीचं मशीन ठेवा आणि मापायला माणूस तयार करा.

हे मी हवेत बोलत नाही. वहिनी घरी आल्यावर आमच्या संस्थेनं पंच कमिटीत ठराव करून दंडाला बांधायचं एक मशीन घेतलं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं मशीनच बिघडलंय, इतक्या जणांचा आकडा वर येत होता. मी ते पिशवीत घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं आणि तिथल्या डॉक्टरांच्या मशीनशी लावून बघितलं. मशीन बरोबर होतं.

सुरुवातीला चुकाही केल्या. सकाळच्या संकलनाला मापत होतो. आमच्या बायका उठल्या की आधी मशेरी लावतात, मग धारा काढतात, मग कॅन घेऊन चढ चढून येतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी समजावून सांगितलं की तंबाखू, चहा आणि दमणूक, तिन्हीनं बीपी वर जातं. अर्धा तास जाऊ द्यायचा, ५ मिनिटं टेकून शांत बसवायचं, हात छातीच्या उंचीला टेबलावर ठेवायचा, मापताना बोलायचं नाही. तेव्हापासून आम्ही संध्याकाळी मापतो आणि त्यासाठी भिंतीकडेला एक बाकडं टाकलंय. (मशेरीबद्दल एक वेगळं पत्र लिहावं लागेल. विडी ओढणाऱ्या माणसाला सगळे बोलतात. बाईच्या मशेरीला व्यसन म्हणायला आमच्याकडं डॉक्टरसुद्धा कचरतात, आणि तिच्याही हृदयावर तोच तंबाखू काम करत असतो.)

दुसरी चूक, आकडा मोठ्यानं वाचून दाखवत होतो. तिसऱ्या दिवशी एक बाई यायच्या थांबल्या. मुलीचं लग्न ठरवायचं होतं, आईला बीपी आहे हे रांगेत सगळ्यांना कळायला नको होतं. त्यांचं काही चुकलं नाही. आता चिठ्ठीवर लिहून देतो, आणि ज्याचा आकडा वर त्याच्या नावापुढं वहीत फक्त एक टिंब करतो. टिंबवाल्यांना दर महिन्याच्या पहिल्या बिलाला पुन्हा बसवतो. बिल घ्यायला माणूस येतोच. त्यासाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही.

आणि सगळ्यात जास्त उपयोग झाला तो इथं. लोक गोळी सुरू करतात, महिन्यानं आकडा खाली येतो, मग "आता बीपी गेलं" म्हणून गोळी बंद करतात. काहींना वाटतं, एकदा लागली की जन्माची सवय लागेल, त्यापेक्षा सोडलेली बरी. हे तुम्ही पत्रक वाटून सांगितलं तर घडी घालून पासबुकात जातं. पण बंद केल्यावर दुसऱ्या महिन्यात त्याच बाकड्यावर आकडा पुन्हा वर गेलेला तो स्वतः बघतो. मग सांगावं लागत नाही.

या पद्धतीत नवं असं काही नाही. जवळच्या सातारा आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साथीनं सरकारनं चालवलेला उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरुवातीलाच राबवला गेला. त्यात ठरावीक दोन-तीन गोळ्या, कुठल्या आकड्याला किती द्यायच्या हे सगळ्यांना एकसारखं ठरवून दिलेलं, महिन्याभराची औषधं एकदम, आणि जो आला नाही त्याचं नाव शोधून त्याला बोलावणं. अम्लोडिपिनसारखी गोळी स्वस्तातली आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. औषधाची अडचण तेवढी मोठी नाही. अडचण आहे ती माणूस परत येण्याची. आणि माणसाला परत आणायची सवय महाराष्ट्रात कुणाला असेल तर ती आमच्या दूध संस्थांना आहे.

आमच्या म्हशीच्या कानात १२ आकडी बिल्ला आहे. तिला लाळ-खुरकतीची लस कधी टोचली, ती गाभण कधी गेली, याची नोंद आहे. तिच्या दुधाचं फॅट दिवसातून दोनदा लागतं. ही सगळी व्यवस्था आमच्या आज्या-पणज्यांच्या कष्टातून, सहकारातून उभी राहिली. गोकुळ संघ १९६३ सालचा आहे. तीच जागा, तीच रांग, तीच वही माणसासाठी वापरायची आहे, एवढंच मी म्हणतोय.

मंडळानं काय करायचं, ते माझ्या समजुतीप्रमाणं सांगतो. आधी एकच तालुका घ्या. जिल्हाभर उद्घाटनं करू नका. मशीनं पारखून घ्या, लहान-मोठ्या दंडाचे पट्टे घ्या आणि वर्षातून एकदा ती तपासून देण्याची जबाबदारी तुमच्याकडं ठेवा. आमच्यासारख्याला ते जमत नाही. प्रत्येक संस्थेत दोन माणसांना शिकवा, त्यात एक बाई असावी. गावच्या आशाताईंना यात धरा, पण त्यांच्या डोक्यावर आणखी एक फुकटचं काम म्हणून टाकू नका, त्यांना मानधन द्या. उपकेंद्रात औषध संपलं की ते कुणाला सांगायचं आणि किती दिवसांत येईल, हे जिल्हा परिषदेशी बसून पक्कं करा. तुमच्यातल्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या शब्दाला तिथं जे वजन आहे ते माझ्या शब्दाला नाही.

झटका आल्यानंतरचं काम वेगळं आहे, आणि तेही तुमच्याच हातात जास्त आहे. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. गगनबावड्याहून कोल्हापूर ५५ किलोमीटर, आणि कुंभीचं पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर आलं की ते ५५ किलोमीटर अमेरिकेइतके लांब होतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आम्ही किती दिवस अडकलो होतो! अशा दिवसांत अँजिओप्लास्टी होते ती कॅथ लॅब कोल्हापुरात आहे याचा आम्हाला उपयोग नाही. हृदयाच्या नळीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त काम करतं, १२ तासांनंतर त्याचा फारसा उपयोग उरत नाही, असं डॉक्टर सांगतात. ते इंजेक्शन ग्रामीण रुग्णालयात पाहिजे. तिथं ईसीजी काढून तो फोनवर पाठवला तर बघायला कोल्हापुरात रात्री दोन वाजताही एक हृदयरोगतज्ज्ञ जागा पाहिजे. तमिळनाडूत अशी लहान रुग्णालयं मोठ्याला जोडून हे काम झालेलं आहे. तुमच्या मंडळावरच्या डॉक्टरांनी पाळी लावून घेतली तर पावसाळ्याचे चार महिने तरी हे करता येईल, असं मला वाटतं. चूक असेल तर सांगा.

आणखी एक लहान गोष्ट, पण कोल्हापुरात ती फार मोठी आहे. तुमच्या संस्थेची पोस्टरं मी बघितली : "माणूस कोसळला तर त्वरित सीपीआर द्या." आमच्या जिल्ह्यात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, थोरला दवाखाना. माणूस कोसळला आणि कुणी "सीपीआर, सीपीआर" ओरडलं तर दहा जण गाडी आणायला धावतील आणि छातीला हात कुणीच लावणार नाही. तिथं तर एकेक मिनिट मोलाचं. पोस्टरवर सरळ "छाती दाबा" असं लिहा. छातीच्या मधोमध, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. हे तालमीतल्या पोरांना शिकवा. प्रत्येक पेठेत तालीम आहे, गावोगावी आहे, दंडात ताकद असलेली पोरं तिथंच भेटतात. आणि शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल सामन्याला एवढी गर्दी लोटते, तिथं हृदय बंद पडलं तर विजेचा झटका द्यायचं मशीन आणि ते वापरता येणारा माणूस कायम असावा.

मिठाचं थोडक्यात सांगतो. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडं उन्हाळ्यात वर्षाची चटणी डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, कुटून आणतात आणि ती टिकावी म्हणून मीठ सढळ हातानं पडतं. शेतात नेलेल्या भाकरीबरोबर तीच चटणी, वर खर्डा, वर लोणचं. "मीठ कमी खा" असं सांगून काही होणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये डंकावर जाऊन बायकांशी बोला, कुटायच्या आधी. नंतर वर्षभर बोलून उपयोग नाही.

ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांचा विचार कुणीच करत नाही. दिवाळीच्या पुढंमागं मराठवाड्यातून येतात, चार-पाच महिने फडात असतात. गावाकडं बीपीची गोळी चालू असली तरी इथं संपते, आणि इथल्या कुठल्या यादीत त्यांचं नाव नसतं. कारखान्यांशी बोलायला तुमच्यातले उद्योजक सोयीचे आहेत.

शेवटचं मागणं तुमच्या खुर्च्यांबद्दल आहे, राग मानू नये. मंडळावर ज्यांना शिकून कळलंय ती सगळी माणसं आहेत. ज्यांनी रात्री दोन वाजता दारात उभं राहून "गाडी सांगू का सकाळपर्यंत थांबू" याचा निर्णय घेतलाय, असं कुणी नाही. एक आशाताई, एक १०८ चा ड्रायव्हर, आणि झटक्यातून उठलेली एखादी शेतकरी बाई, एवढे तीन जण घ्या. त्यांच्या एसटीच्या भाड्याची आणि बुडालेल्या रोजगाराची सोय करा, नाहीतर पहिल्या बैठकीनंतर ते येणार नाहीत. बैठका रविवारी सकाळी ठेवत असाल तर धारांची वेळ तेवढी सोडा.

राजर्षी शाहू महाराज ६ मे १९२२ ला गेले, तेव्हा त्यांचं वय ४७ होतं आणि कारण हृदयविकाराचं होतं. कुस्तीनं कमावलेलं शरीर होतं ते. २०२२ साली शंभराव्या स्मृतिदिनी आम्ही १०० सेकंद स्तब्ध उभे राहिलो. तरीही "राबणाऱ्या माणसाला काय होत नाही" हे याच जिल्ह्यात रोज ऐकायला मिळतं. वहिनींनीही शिबिरातून घरी आल्यावर हेच म्हटलं होतं, असं भाऊ सांगतो.

सल्ला देण्याआधी एकदा आमच्याकडं या. हार-तुरे, बॅनर काही नको, फोटोवाला नको. संध्याकाळी साडेसहाला संकलन सुरू होतं. पावणेसातच्या सुमाराला वहिनी येतात. कॅन आता पुतण्या आणतो. त्या बाकड्यावर टेकून बसतात, ५ मिनिटं कुणाशी बोलत नाहीत, मग बाही वर करून हात टेबलावर ठेवतात. त्यांच्या शेजारी आणखी दोघांना बसता येईल एवढी जागा आहे.

आपला नम्र,
सचिव, एका गावची सहकारी दूध संस्था
ता. गगनबावडा, जि. कोल्हापूर